मुळाक्षरांचे फोटो काढताना ‘ङ’ला अडकलात? आधी शिरोरेषा शोधा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ‘क’ला कंदील, ‘ख’ला खिडकी, ‘ग’ला गवत असं रोज एक अक्षर घेत निघालात आणि ‘ङ’ला गाडी अडली. मग वस्तूच्या नावाचा नाद सोडून अक्षराचा आकारच आजूबाजूला शोधायचं ठरवलंत. पण तीन आठवड्यांत चार-पाचच अक्षरं हाती लागली, आणि तीही घरच्यांना सांगितल्याशिवाय ओळखता येत नाहीत. यातूनच पुढे घराचं ‘सावली’ हे नाव दारापाशी लावायचं आहे. हाताशी मोबाइल आणि १८-५५ लेन्सचा जुना डीएसएलआर आहे, तर मोबाइल चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

मोबाइल चालेल. घुटमळायला होतंय ते दुसऱ्या कारणाने. इंग्रजी अक्षरांचे असे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात: घडवंचीचा ए, चाकाचा ओ. ती अक्षरं सुटी उभी राहतात, त्यामुळे एक वस्तू सापडली की अक्षर झालं. आपली अक्षरं रेघेला टांगलेली असतात. खुर्चीत ‘प’ दिसतो, वेलीत ‘र’ दिसतो, पण वर आडवी रेघ नसेल तर पाहणाऱ्याला तिथे खुर्ची आणि वेलच दिसते. म्हणून शोधाचा क्रम उलटा करा. आधी शिरोरेषा शोधा, आणि तिच्याखाली काय लटकतंय ते मग बघा.

एकदा नजर अशी लावली की रेघा जागोजागी आहेत: स्लॅबची कड, छज्जा, लिंटेल (दार-खिडकीच्या डोक्यावरची आडवी तुळई), बाल्कनीचा कठडा, गेटची वरची पट्टी, दुकानाच्या शटरची पेटी, बसथांब्याचं छप्पर, कपडे वाळत घालायची दांडी, भिंतीवरून गेलेला पाण्याचा पाइप. यातल्या कुठल्याही रेघेखाली दहा मिनिटं डावी-उजवीकडे सरकत राहिलात तर एखादं तरी अक्षर जुळून येतं. उलट मनात ‘घ’ धरून अख्खा बाजार पालथा घातला तर हात हलवत परत यावं लागतं. त्यामुळे रोज एक अक्षर आणि तेही क्रमाने, हा नियम आजच मोडा. केल सँडवेड या छायाचित्रकारांनी फुलपाखरांच्या आणि पतंगांच्या पंखांवर सव्वीस रोमन अक्षरं शोधली, त्याला वीस वर्षांहून जास्त काळ लागला. तुम्हाला तेवढा लागणार नाही, पण कुठलं अक्षर कधी भेटेल हे आपल्या हातात नसतं. आठवड्याला दोन-तीन मिळाली तर वेग उत्तम समजा.

आता किती अक्षरं, हे ठरवून टाका. राज्य शासनाच्या २००९ सालच्या निर्णयातल्या वर्णमालेत चौदा स्वर, दोन स्वरादी (अनुस्वार आणि विसर्ग), चौतीस व्यंजनं आणि क्ष, ज्ञ ही दोन विशेष संयुक्त व्यंजनं, असे एकूण बावन्न वर्ण आहेत. पहिल्या फेरीत क ते ळ ही चौतीस आणि क्ष, ज्ञ अशी छत्तीसच घ्या. स्वरांचे मूळ आकार फार थोडे आहेत: अ, इ, उ, ए, ऋ आणि ऌ. बाकीचे यांनाच काना, मात्रा, शेपूट, टिंब लागून होतात. ते मागाहून घेतलेले बरे, कारण तोवर काने आणि मात्रा आपोआप जमा झालेल्या असतात.

त्याच दिवशी अक्षराचा नमुनाही एकच ठरवा. मराठी वळणाचा ‘ल’ पाकळ्यांचा आणि ‘श’ देठाचा. हिंदी वळणाची ही दोन्ही अक्षरं वेगळी दिसतात. तुमच्या नावात ‘ली’ आहे, म्हणून हे आधीच पक्कं हवं. गूगल फॉन्ट्सवर तिरो देवनागरी मराठी हा टाइप मोफत मिळतो. त्यातली छत्तीस अक्षरं एका पानावर मोठी छापून पिशवीत ठेवा. डोळ्यांना अक्षर ओळखीचं असतं म्हणून आपण ते नीट पाहिलेलं नसतं. ‘झ’ची वळणं नेमकी कुठून कुठे जातात ते कागद न बघता काढून पाहा, लगेच लक्षात येईल.

या कागदावर पेन्सिलीने तीन गट पाडा. उजवीकडे पूर्ण उभा दंड असलेली (ग, त, न, प, म, व, स वगैरे), मधे दंड असलेली क आणि फ, आणि दंडाऐवजी छोट्या देठाने लटकणारी (ट, ठ, ड, ढ, द, र, ह, छ, ङ, ळ). पहिल्या गटासाठी खांब, पाइप आणि चौकटी बघायच्या. तिसऱ्यासाठी ग्रिल आणि टांगलेल्या वस्तू. क आणि फ वाटेत भेटतील तेव्हा घ्यायचे.

तिसऱ्या गटाची खाण म्हणजे जुन्या इमारतींच्या खिडक्यांची लोखंडी ग्रिलं. फॅब्रिकेटर लोखंडी पट्टी वाकवून सी आणि एस आकाराची वळणं करतात आणि ती आडव्या पट्टीखाली जोडतात. म्हणजे शिरोरेषा आयतीच मिळते. पट्टीखाली सी लटकत असेल आणि तोंड उजवीकडे असेल तर तो ‘ट’. सीचं खालचं टोक आत गुंडाळलेलं असेल तर ‘ढ’. एस लटकत असेल तर ‘ड’. आणि हाच एस भिंतीच्या दुसऱ्या बाजूने, म्हणजे घरातून पाहिलात तर उलटा दिसतो, वरचं पोट उजवीकडे येतं, खालची शेपटी उजवीकडे जाते: तो ‘र’. एका ग्रिलमधून दोन अक्षरं. म्हणूनच फोटो संगणकावर आरशासारखा उलटवू नका, स्वतः पलीकडे जा. उलटवलेल्या फोटोत सावली, पाटी, गाडीचा नंबर काहीतरी चुगली करतंच. मात्र दोन्ही बाजूंनी उजेड वेगळा असतो. बाहेरून ग्रिल उजळ आणि मागची खोली काळी दिसते, आतून ग्रिल काळं आणि मागे लख्ख उजेड. आतून काढताना स्क्रीनवर बाहेरच्या उजेडावर बोट दाबून धरा, एक्स्पोजर लॉक करा आणि थोडं खाली ओढा, म्हणजे पट्टी काळीभोर येते.

‘ङ’साठी ‘ड’च्या उजव्या पोटाशेजारी एक टिंब हवं: नटबोल्ट, दूरचा दिवा, तारेवर बसलेला पक्षी. नावाच्या खेळात ज्याने तुम्हाला अडवलं तो ‘ङ’ आकाराच्या खेळात सोपा आहे. ‘ण’चंही तसंच; डावीकडे लोंबणारं यूसारखं वळण आणि शेजारी सुटा दंड. ‘ठ’ लोकलच्या किंवा बसच्या दांडीला लटकणाऱ्या गोल कड्यांत दिसतो. गर्दी नसेल तेव्हा बसल्या जागेवरून टिपा, आणि रेल्वेच्या हद्दीत ट्रायपॉड काढू नका.

दंडवाल्या अक्षरांत ‘त’ सगळ्यात दिलदार. भिंतीवरचा उभा पाइप आणि त्यातून डावीकडे निघून खाली वळलेली नळाची तोटी एवढ्यात तो होतो. वर ओट्याची किंवा भिंतीची कड फ्रेममध्ये घ्यायची. ‘ब’ला नो पार्किंगची पाटी धरा: गोल कडं आणि आत वरून डावीकडून उजवीकडे खाली येणारी तिरपी रेघ. अट एकच, पाटी खांबाच्या मधोमध नको, डाव्या अंगाला पट्टीने जोडलेली हवी. वळणावरचा बहिर्गोल आरसा खांबाच्या डावीकडे असला तर ‘व’.

इथे एक गोष्ट नेहमी फसते. खांबाला टांगलेला प्लास्टिकचा कचराडबा डोळ्यांना ‘प’सारखा वाटतो, पण फोटोत ठोकळा दिसतो. कारण अक्षर म्हणजे रेघ, आणि रेघेच्या आत मोकळी जागा असते. भरीव वस्तूत ती नसते. त्याच जागी जाळीची टोपली असेल तर कड ठळक, आत आरपार, आणि ‘प’ स्पष्ट वाचता येतो. सायंकाळच्या आकाशासमोर काळी आकृती घेताना याचा फटका जास्त बसतो, कारण वस्तूवरचे सगळे तपशील जाऊन नुसता बाहेरचा आकार उरतो. आरसा अशा वेळी ‘व’ न दिसता खांबाला चिकटलेली थाळी दिसेल. तो भरउजेडातच काढा.

दुसरी फसगत शिरोरेषेच्या तुटीची. ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ यांतला मुख्य फरक डोक्यावर आहे. घ आणि म यांच्यावर रेघ सलग जाते. ध आणि भ यांची रेघ डावीकडे तुटलेली असते आणि तिथे वळणाचं टोक मोकळं राहतं. म्हणजे ध, भ शोधताना अखंड स्लॅब कामाचा नाही; अर्धवट कठडा हवा, किंवा रेघेचा डावा भाग पानाआड, पडद्याआड गेलेला हवा. ‘थ’लाही हेच लागू. ‘अ’ची रेघ तर फक्त उजव्या भागावर असते. तुमच्या घरच्यांना ओळखता न आलेल्या फोटोंत यांपैकी एखादं अक्षर असेल, तर आधी ही तूट तपासा.

ओळख पटते का, हे पाहायची साधी पद्धत: फोटो एकटा दाखवा, आजूबाजूला मालिकेतले दुसरे नकोत आणि ‘हे कुठलं अक्षर?’ असंही विचारू नका. ‘यात काय दिसतं?’ एवढंच विचारा. तिघांपैकी दोघांनी दोन-तीन सेकंदांत अक्षर सांगितलं तर ठेवा. ‘खिडकी’ म्हणाले आणि मग ‘अरे हो, ड!’ म्हणाले तरी चालेल; अक्षरांच्या फोटोत मजाच त्या उशिराची आहे. पण बोट फिरवून दाखवावं लागलं तर तो फोटो बाजूला काढा, कितीही आवडता असला तरी. आपण तासभर शोधलेल्या अक्षराबद्दल आपलं मत निष्पक्ष नसतं.

आता कॅमेरा. मोबाइलची मुख्य लेन्स बहुतेक करून २४ ते २६ मिमीच्या आसपासची, म्हणजे बरीच रुंद. जवळ जाऊन मान वर करून काढलं की उभे दंड वरच्या बाजूला एकमेकांकडे झुकतात आणि शिरोरेषा तिरकी होते. दोन पावलं मागे या आणि २एक्सवर काढा. डीएसएलआरवर लेन्स ५५ला लावा, क्रॉप सेन्सरवर (अशा कॅमेऱ्यातल्या लहान सेन्सरवर) ती सुमारे ८५ मिमीसारखी वागते आणि या कामाला तीच बरी. ग्रिड चालू ठेवा आणि वरची आडवी रेघ शिरोरेषेवर तंतोतंत बसवा. दंड थोडा कलला तर अक्षर हस्तलिखितासारखं दिसतं, खपून जातं. शिरोरेषा कलली तर शब्द लावताना जुळत नाही. दुरुस्ती नंतर करता येते, पण कोपरे कापले जातात, म्हणून चारही बाजूंनी भरपूर जागा सोडून काढा.

कधी अक्षराचे दोन तुकडे दोन वेगळ्या अंतरांवर असतात, आणि खरी करामत तिथे असते. तुमच्याच ‘ली’चं बघू. रस्त्यावरच्या दिव्याचा खांब, ज्याचा हात वर जाऊन डावीकडे वाकलाय, तो आयती दीर्घ वेलांटी आहे. पण त्या वाकलेल्या हाताखालून शिरोरेषा जायला हवी. ती मागच्या इमारतीच्या स्लॅबकडून मिळते. स्लॅब खांबावर फार खाली कापतोय? मागे चालत जा, स्लॅबची कड खांबावर वर चढेल. फार वर गेलीय? पुढे या किंवा खाली बसा. खांब इमारतीच्या निम्म्या अंतरावर असेल तर तुम्ही कॅमेरा एक मीटर खाली नेल्यावर कड खांबावर अर्धा मीटर उतरते. डावी-उजवी सरकवासरकव करायची तर पावलं टाकायची, झूमने हे होत नाही. डीएसएलआरवर ५५ मिमी, एफ/११ (म्हणजे लेन्सचं छिद्र बरंच लहान) ठेवून फोकस १५ मीटरच्या आसपास केलात तर सात-आठ मीटरपासून पुढचं सगळं पुरेसं स्पष्ट येतं. मोबाइलवर त्याची चिंता नाही, फक्त पोर्ट्रेट मोड बंद असू द्या, नाहीतर तो शिरोरेषाच धूसर करून टाकतो.

सावल्यांचाही उपयोग होतो, पण वेळ सांभाळावी लागते. सूर्य ४५ अंशांवर असताना सावली वस्तूच्या उंचीइतकी पडते, त्याहून खाली गेला की लांबत जाते. ३० अंशांवर ती जवळपास पावणेदोन पट होते आणि अक्षर ताणल्यासारखं दिसतं. सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो, तेव्हा जुळलेलं अक्षर दहा मिनिटांत बिघडू शकतं. सपाट जमिनीवरच्या सावल्या वरून काढल्या तर फोटो कुठल्याही दिशेने फिरवायला हरकत नाही, कारण तिथे वर-खाली असं काही नसतंच. भिंतीवरचा फोटो मात्र सरळच ठेवा.

यातलं बरंच तुम्ही कुठे राहता यावर अवलंबून आहे. जुना गावठाण भाग, वाडे, चाळी जवळ असतील तर ग्रिलं, कड्या, नळ यांनी तिसरा गट महिन्याभरात संपेल. नव्या संकुलात काच आणि सरळ स्टील असतं. तिथे प, म, ग, न पटापट मिळतात आणि र, ह, इ यांसाठी बाहेर पडावं लागतं. पावसाळ्यात सावल्या गेल्या, पण ओल्या भिंतीवर पाइप आणि गज जास्त ठळक दिसतात. लोकांच्या खिडक्या काढताना दार वाजवून विचारा, अक्षर स्क्रीनवर दाखवा. बहुतेक जण पुढच्या खोलीतलं ग्रिलही दाखवतात.

आता ‘सावली’ची जुळणी. लागणारे फोटो पाच: स, काना, व, ल आणि दीर्घ वेलांटी. ‘स’ अवघड वाटेल, पण ग्रिलमध्येच आहे: ‘र’चं वळण, शेजारचा उभा गज, आणि दोघांना जोडणारी छोटी आडवी पट्टी. ‘ल’ जोडीने वळवलेल्या दोन पाकळ्यांच्या नक्षीत बघा.

सगळे फोटो एकाच मापाने कापा. मोबाइलचा फोटो ४००० × ३००० पिक्सेलचा असेल तर ३००० × ३०००चा चौकोन मिळतो. त्यात शिरोरेषा वरून ९०० पिक्सेलवर आणि अक्षराचा तळ साधारण २४०० वर ठेवा. वर एवढी जागा यासाठी, की वेलांटी, मात्रा, रफार रेघेच्या वर बसतात. खाली उकाराला जागा राहते. तळ थोडा पुढे-मागे झाला तर डोळ्याला खुपत नाही, शिरोरेषा दोन मिलिमीटर चुकली तरी लगेच खुपते. ती रेघ फोटोच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत गेलेली असावी, म्हणजे शेजारच्या फोटोतल्या रेघेला भिडते. काना आणि वेलांटी चौकोनात नकोत; त्यांची रुंदी निम्मी, १५०० पिक्सेल ठेवा, नाहीतर ‘सा’चे दोन तुकडे सुटे वाचले जातात. पुढे कधी जोडाक्षर लागलं, समजा ‘व्य’, तर ‘व’चा दंड जिथे सुरू होतो तिथेच फोटो उभा कापा आणि ‘य’ चिकटवा. त्यासाठी दंडाला खेटून दुसरी कुठली वस्तू नसलेलाच फोटो निवडलेला असावा.

लांबून एकसंध दिसावं म्हणून सगळे कृष्णधवल करा. निळी पाटी, गंजकं ग्रिल आणि हिरवा नळ शेजारी आले की डोळा रंगांत अडकतो आणि शब्द वाचायचा राहतो. रंगच ठेवायचे असतील तर सगळे एकाच वेळच्या उजेडातले निवडा. आड आलेली तार सॉफ्टवेअरने पुसायची की नाही, हा तुमचा नियम; मी पुसू नका म्हणेन, कारण अक्षर सापडलेलं आहे यातच त्या फोटोची किंमत आहे.

सहा इंची चौकोनाला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) १८०० पिक्सेल पुरतात, म्हणजे ३००० भरपूर झाले. प्रत्येकाला वेगळी फ्रेम करू नका, मधल्या लाकडाने शिरोरेषा तुटते. मॅट प्रिंट काढून ५ मिमी सनबोर्डवर (हलक्या फोमच्या बोर्डवर) चिकटवून घ्या आणि कडेला कड लावून भिंतीवर बसवा. स, व, ल सहा-सहा इंच आणि काना, वेलांटी तीन-तीन, म्हणजे दोन फुटांची पट्टी होते. दारापाशी ऊन-पाऊस लागत असेल तर प्रिंटवर लॅमिनेशन घ्या, आणि तेही मॅटच, कारण चकचकीत लॅमिनेशनवर समोरच्या जिन्याचा दिवा पडला की ‘व’च्या पोटात दुसरंच टिंब दिसायला लागतं.